पदाआधीचे वाक्य

नाट्यसंगीताच्या जाहीर कार्यक्रमांत आणि दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत अलीकडे एक नवा शिरस्ता पडून गेला आहे. आठ-नऊ वर्षांचे एखादे मूल जरीकाठी वस्त्रे नेसवून रंगमंचाच्या मध्यभागी उभे करावयाचे, ‘एकच प्याला’तील सिंधूचे पद त्याने मुरक्या-हरकतींसह बिनचूक म्हणावयाचे, परीक्षकांनी डोळे पुसावयाचे आणि संगीत नाटकाला आता मरण नाही अशी ग्वाही निवेदकाने देऊन टाकावयाची! त्या मुलाच्या गळ्याविषयी मला आदरच वाटतो. परंतु सिंधू कोण, तिचे तान्हे कोणत्या दारिद्र्यात वाढते आहे, ती गात असताना सुधाकर कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची तोंडओळखही त्या बालकाला कुणी करून दिलेली नसते, आणि ती करून द्यावयास हवी होती असे सभागृहात कुणाला वाटतही नाही, हे पाहिले म्हणजे मन उद्विग्न होते. गडकऱ्यांनी निर्माण केलेल्या स्त्रीचे दुःख तिच्या घरादारापासून तोडून, गळ्याची तयारी दाखविण्याचे साधन म्हणून लहान मुलाच्या हाती देणे यात त्या नाटकाचीही अवहेलना आहे आणि त्या मुलाचीही.

संगीत नाटकाची आज जी चर्चा चालते, ती बहुधा अशाच व्यवहाराभोवती फिरते. अनुदाने किती मिळाली, महोत्सव किती झाले, जुन्या ध्वनिमुद्रिका कोणी जतन केल्या, याचे जमाखर्च मांडले जातात; परंतु या कलेवर जन्मभर जीव लावणारा रसिक मुळात घडतो कसा, या प्रश्नाला कुणी हात घालीत नाही. माझ्या मते तो बहुधा दहा-बारा वर्षांच्या आतच घडतो, आणि ज्या गोष्टीने घडतो ती गोष्ट सुटे पद नव्हे. पद त्याला घरी, आकाशवाणीवर, शेजारच्या गणेशोत्सवात ऐकावयास मिळतेच. नाटकगृहात मात्र त्याला प्रथमच असे दिसते की एक माणूस दुसऱ्याशी साधे बोलत आहे, बोलता बोलता त्याच्या मनातला भार इतका वाढला आहे की गद्य तो पेलू शकत नाही, आणि कुणाचीही परवानगी न मागता, कुणालाही नवल न वाटता, तो गाऊ लागला आहे. पदाआधीच्या त्या शेवटच्या वाक्यात संगीत नाटकाचा प्राण आहे. प्रौढ माणसाला त्या संक्रमणाचे समर्थन द्यावे लागते. मुलाला ते लागत नाही, कारण बोलणे आणि गाणे यांच्यामधली भिंत त्याच्या मनात अद्याप उभीच राहिलेली नसते.

गोव्यातील देवळांच्या उत्सवांत गावकरी मंडळींनी केलेली संगीत नाटके ज्यांनी लहानपणी मांडवातल्या पुढच्या जाजमावर बसून पाहिली आहेत, त्यांना याची साक्ष पटेल. मी तेथे बसे तो ऑर्गनच्या अगदी निकट. रंगभूमीवर नट गद्य बोलत असे, आणि इकडे ऑर्गनवादकाची पावले हळूहळू भात्यावर चालू लागत. स्वर अद्याप उमटलेला नसे, हात पट्ट्यांवर नुसते टेकलेले असत, डोळे मात्र नटाच्या ओठांवर खिळलेले असत. मग संवादाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखालून षड्ज इतका अलगद येई की बोलणाऱ्याचा आवाज कोणत्या क्षणी सुराला लागला हे सांगता येत नसे. तबलजी डग्ग्यावर तळहात ठेवून समेची वाट पाही. नटाने एखादी जागा लांबविली तर वाद्यमेळ थांबे, तो घाईत आला तर त्याच्यासवे धावे, आणि तो ओळ विसरला तर ऑर्गनवाला ती सुरांनी त्याच्या कानात घाली. त्या पावलांकडे पाहून मला जे कळले ते पुढे वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाने सांगितले नाही. संगीत नाटकात गाणे आणि बोलणे यांचा सांधा जिवंत माणसे, जिवंत क्षणी, एकमेकांच्या श्वासावर लक्ष ठेवून जुळवीत असतात.

हा सांधा जाणणारे नाटककार आपल्या परंपरेच्या आरंभीच होऊन गेले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी दोन वर्षांत ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्यात शंभरावर पदे असूनही ते मुलांना कंटाळवाणे होत नाही, कारण साकी-दिंडीसारखी त्यांची वृत्ते बोलण्याच्या इतकी जवळ आहेत की कथानकाची गती त्यांच्यापाशी अडत नाही. निजलेल्या सुभद्रेला उचलून नेणारा घटोत्कच, संन्याशाचे सोंग घेतलेला अर्जुन, सर्व जाणून काहीच न जाणल्याचा आव आणणारा कृष्ण, ही तर मुलांचीच दुनिया आहे. देवलांची ‘शारदा’ याहूनही धीट. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची नायिका स्वतःच अजाण वयाची आहे. बाप कांचनभट तिला पैशांसाठी भुजंगनाथाच्या गळ्यात बांधावयास निघाला आहे. तिच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्यावरून गाण्यात थट्टा करतात तेव्हा प्रेक्षागारातील मूल हसते, आणि तेच सूर शारदेच्या कंठी कातर झाले की त्याच मुलाचे हसणे थांबते. अन्याय म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगण्याचे याहून सरळ साधन मराठीत मला ठाऊक नाही.

गंधर्वयुगाविषयी लिहिताना आपल्याकडे लेखणी आपोआप नतमस्तक होते. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली, तिरखवाँसाहेबांचा तबला, 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला संयुक्त ‘मानापमान’, हे वैभव कोण नाकारील? परंतु त्याच वैभवात आजच्या विकृतीचे बीज पेरले गेले, हेही स्पष्ट म्हणावयास हवे. ‘वन्स मोअर’च्या हुकमाखाली या नाटकांतल्या नायिका भामिनी आणि रुक्मिणी क्षणाक्षणाला थांबू लागल्या, नाटक पहाटेपर्यंत लांबू लागले, आणि प्रेक्षक प्रसंगापेक्षा तानेची वाट पाहू लागला. बालगंधर्वांचे अलौकिकत्व असे की शब्द त्यांच्या गळ्यात कधी मेला नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यांचे थांबणे उचलले. त्या थांबण्यातले बोलणे उचलणे त्यांना साधले नाही.

रांगणेकरांनी 1942 च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या मुखी नेटके, प्रसंगोचित गाणे घातले, ही मोठी दुरुस्ती होती. विद्याधर गोखल्यांच्या नाटकांनी गायकांची उत्तम सोय केली; नाटकाची केली असे मी म्हणणार नाही. खरा पुनर्जन्म झाला तो जितेंद्र अभिषेकींच्या हातून, ‘मत्स्यगंधा’ आणि ‘ययाति आणि देवयानी’ यांत, आणि सर्वाधिक 24 डिसेंबर 1967 रोजी आरंभ झालेल्या ‘कट्यार काळजात घुसली’त. दारव्हेकरांनी येथे गाण्यालाच कथानक केले. राजगायकाला एक खून माफ करणारी कट्यार, चोरून विद्या शिकण्यासाठी नोकर होऊन राहिलेला सदाशिव, आणि सर्व जिंकूनही मनातून हरलेले खाँसाहेब यांत कोणते पद कशासाठी आले असे विचारण्याची गरजच उरत नाही. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांना पाहून किती मुले शास्त्रीय संगीताकडे वळली याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण आजच्या मध्यमवयीन गायकांना त्यांची पहिली ओढ कोठून आली असे विचारले, तर हे नाव वारंवार कानी येते. 2015 च्या चित्रपटाने तीच कथा नव्या पिढीच्या घराघरांत नेली, याचे श्रेय देतो. 2025 चा ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट मात्र मला नाटकाच्या नावाने काढलेल्या मिरवणुकीपलीकडे काही वाटला नाही.

या सर्व नैराश्याला छेद देणारी कृती गेल्या दशकात एकच झाली, आणि तिच्यावर मी मुद्दाम अधिक रेंगाळणार आहे. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ 2017 साली भद्रकाली प्रॉडक्शन्सने व्यावसायिक रंगभूमीवर आणले. रंगमंचावर दोनच स्त्रिया: तुकोबांना भाकरी पोहोचविताना पायात काटा रुतलेली आवली, आणि तिची शुश्रूषा करावयास लखूबाईच्या रूपाने देहूत आलेली साक्षात रखुमाई. एकीचा नवरा देवापायी घराला पारखा झाला आहे, दुसरीचा देव भक्तापायी. राजवाडा नाही, स्वयंवर नाही, नायक तर रंगमंचावर पाऊलही ठेवीत नाही. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी स्वतः गातात, आणि आनंद ओक यांचे संगीत घरकामाच्या हालचालींतून, तंडणाऱ्या बोलण्यातून, दुखऱ्या पायाच्या कण्हण्यातून असे उगवते की पदाआधीच्या त्या वाक्याचा विसर पडलेल्या रंगभूमीला ते पुन्हा सापडल्याचा आनंद व्हावा. आवली विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्याच श्वासात तिचा स्वर अभंगाकडे झुकतो. श्रद्धा आणि संताप यांचा असा जोड देवलांनंतर मी ऐकला नव्हता. या नाटकाला मी मुले आलेली पाहिली आहेत. आईवडिलांनी ओढून आणलेली ती मुले पहिल्या अंकानंतर खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. रखुमाई कोण हे त्यांना घरच्या देव्हाऱ्यातून ठाऊक होते, आणि ती अशी रुसते, असे गाते, हे त्यांना येथे कळत होते.

म्हणून जे म्हणतात की आजच्या मुलांना संगीत नाटक झेपत नाही, त्यांचे म्हणणे मी फेटाळतो. मुलांना झेपत नाही ते संगीत नाटकाच्या नावाने आपण त्यांना वाढलेले उष्टे. पाच अंकांचे नाटक अडीच तासांत बसविण्यासाठी आपण काय छाटतो? गाजलेली पदे राखतो आणि त्यांच्याकडे नेणारे गद्य कापतो. म्हणजे ज्या वाक्यामुळे पद जन्मते तेच वाक्य आधी कात्रीखाली जाते. मग पात्रे एकामागून एक उठून गातात, आणि मूल विचारते की ही माणसे मध्येच का गातात. हा प्रश्न मुलाच्या अरसिकतेचा पुरावा मानला जातो. तो संपादकाच्या अपराधाचा पुरावा आहे. छाटावयाचेच असेल तर पदे छाटावीत. ‘सौभद्र’ तीस पदांत उभे राहील, पण कृष्णाच्या लबाडीवाचून ते उभे राहणार नाही.

दुसरा अपराध ट्रॅकचा. ध्वनिमुद्रित साथीवर गाणाऱ्या नटाला आपला श्वास यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. त्याला थांबता येत नाही, त्या रात्रीच्या प्रेक्षागाराने दिलेले काही घेता येत नाही. वादकांचे मानधन परवडत नाही हे निर्मात्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु नेपथ्यावर आणि जाहिरातींवर सढळ हाताने खर्च करणाऱ्याने ऑर्गन आणि तबला या दोन माणसांपाशी येऊन हात आखडावा, हा हिशेब मला मान्य नाही. एकच वादक ठेवा, पण तो नटाच्या ओठांकडे पाहणारा ठेवा.

कुणी म्हणेल की जुन्या नाटक मंडळ्या होत्या तेव्हा मुले त्यांतच वाढत; आता तो काळ गेला. केशवराव भोसल्यांनी कोवळ्या वयात शारदा उभी केली, छोटा गंधर्व दहाव्या वर्षी बालमोहन मंडळीत आले, लता मंगेशकरांनी वडिलांच्या मंडळीत लहानपणीच ‘सौभद्र’मधला नारद केला, हे खरे. त्या बिऱ्हाडांतील उपासमार, मारझोड आणि हुकलेले शिक्षण परत आणा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु त्या मुलांना जे लाभले ते आजच्या मुलांना देण्यास मंडळ्यांची गरज नाही. त्यांनी विंगेत उभे राहून, रात्रीमागून रात्री, संपूर्ण नाटक ऐकले. पद त्यांना त्याच्या कारणासकट मिळाले. आजच्या क्लासांत ते कारणाशिवाय विकले जाते, आणि विकत घेणारे पालक त्याला संस्कार म्हणतात.

तेव्हा तजवीज कोणती करावी याविषयी संदिग्धता राहू नये. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने भरविलेल्या संगीत नाट्य स्पर्धा आजही होतात. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धांना गावोगावच्या संस्था चुरशीने उतरतात. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था निष्ठेने नाटके बसविते. या प्रयोगांच्या प्रेक्षागारात पांढऱ्या केसांची गर्दी असते आणि पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखून रिकाम्या राहतात. त्या रांगा शाळांना द्याव्यात, विनामूल्य द्याव्यात, आणि प्रयोगाची वेळ मुलांच्या झोपेला मानवेल अशी ठेवावी. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत गायनाइतकेच गुण गद्यातून पदाकडे जाण्याच्या औचित्याला असावेत. तो एक रकाना वाढविला तर दिग्दर्शक वर्षभरात शहाणे होतील. नाट्यसंगीताच्या शिक्षकांनी पूर्ण प्रवेश वाचून दाखविल्याखेरीज एकही पद शिकवू नये. आणि स्पर्धांच्या आयोजकांनी, सिंधूचे पद गाणाऱ्या बालकाला टाळ्या देण्यापूर्वी, त्याला ‘एकच प्याला’ दाखविण्याचे किंवा ते पद न गाऊ देण्याचे धैर्य दाखवावे. त्या वयाला शारदेच्या मैत्रिणी आहेत, सौभद्रातला नारद आहे. दारुड्याच्या बायकोचे रडे त्याच्या गळ्यात कोंबण्याचे कारण नाही.

यावर खर्च फार येत नाही, आणि म्हणूनच कदाचित कुणी त्याचा विचार करीत नाही. महोत्सवाच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, पुढच्या रांगेत बसविलेल्या पन्नास मुलांवर कोरता येत नाही. परंतु या कलेचा पुढच्या अर्धशतकाचा प्रेक्षक त्याच रांगेतून उठणार आहे. जी मुले आज नाटक पूर्ण ऐकतील, तीच उद्या त्याचे गद्य कापणाऱ्याला जाब विचारतील, ट्रॅकवर गाणाऱ्या नटाकडे पाठ फिरवतील आणि नव्या देशमुखाला तिकीट काढून पाठबळ देतील. संगीत नाटक जगवावयाचे म्हणजे हा दाद आणि जाब एकाच तोंडाने देणारा प्रेक्षक जगवावयाचा, आणि तो मिळवावयाचा असेल तर त्याच्या दहाव्या वर्षी त्याला अखंड नाटकासमोर बसविण्यावाचून दुसरा मार्ग नाही.