यंत्राची शुद्धता आणि मतदाराचा विश्वास

मे 2024 मध्ये, लोकसभेच्या मतदानास अवघे सहा दिवस उरले असता, आमच्या छत्रपती संभाजीनगरात पोलिसांनी एका सैनिकास पकडले. मतदानयंत्रात फेरफार करून देतो असे सांगून त्याने विधान परिषदेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांच्याकडे अडीच कोटी रुपये मागितले, असा त्याच्यावर आरोप होता. त्यास यंत्राचे काहीच ज्ञान नसून तो कर्जबाजारी होता, असे पोलिसांनी सांगितले. प्रसंग हास्यास्पद खरा. परंतु ज्या मालास गिऱ्हाईक मिळण्याची आशा नाही, तो विकावयास कोणी बसत नाही. ही आशा त्यास का वाटावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी निकाल दिला होता. न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांनी कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची आणि यंत्रातील सर्व चिठ्ठ्या मोजण्याची, अशा दोन्ही मागण्या फेटाळल्या. एक युक्तिवाद म्हणून हे निकालपत्र वाचले असता त्याचा पूर्वार्ध भक्कम वाटतो. यंत्र कोणत्याही जाळ्यास जोडलेले नसते. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे सोडतीने ठरते. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष चाचणी होते. मतपत्रिकेच्या काळी केंद्रे बळकावून पेट्या भरल्या जात, हेही नाकारता येत नाही.

उत्तरार्धाविषयी मात्र आमचा मतभेद आहे. दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने खर्च भरल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील 5 टक्के यंत्रांची तपासणी व्हावी, अशी सोय न्यायालयाने केली. पण तपासणारे कोण, तर यंत्रे घडविणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते! शिवाय ही सोय उमेदवारासाठी आहे. सामान्य मतदाराच्या वाट्यास काचेआडून सात सेकंद दिसणारी चिठ्ठी तेवढी येते. ती पुढे मोजली गेली की नाही, हे त्यास कळत नाही.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीने नेमके हेच विचारले. माळशिरस मतदारसंघातून उत्तम जानकर निवडून आले. पण या गावात त्यांस 843, तर प्रतिस्पर्धी राम सातपुते यांस 1003 मते पडली. विजयी उमेदवाराच्या समर्थकांनीच निकालावर शंका घ्यावी, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. त्यांनी 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान योजिले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. गावकऱ्यांचा प्रयोग सदोष होता, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. गावातील पुढाऱ्यांच्या देखत, निकाल ठाऊक असताना दिलेले मत पहिल्या मताचा पुरावा होऊ शकत नाही. परंतु सदोष प्रयोगास उत्तर निर्दोष प्रयोगाने द्यावयाचे असते. बंदोबस्ताने गर्दी हटली, शंका हटली नाही.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी या शंकेचे मर्म ओळखले होते. फेरफार सिद्ध झाला नसतानाही त्याने 2005 च्या निवडणुकीतील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. कारण विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकास मतदानाचे मुख्य टप्पे पडताळता आले पाहिजेत. आमच्याकडे चिठ्ठी आहे, म्हणून यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. उणीव मोजणीत आहे. 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात; मताधिक्य लाखाचे असो वा शेकड्याचे, संख्या तीच! मताधिक्य जितके कमी तितक्या अधिक चिठ्ठ्या सर्वांसमक्ष मोजाव्या, एवढा नियम झाला तरी पुष्कळ साधेल.

यंत्र शुद्ध आहे काय, याचे उत्तर तज्ज्ञ देऊ शकतील. पण पराभूत पक्षाने पराभव मुकाट्याने मान्य करावा, यासाठीच तर निवडणूक असते. आणि ती मान्यता तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर मिळत नाही, डोळ्यांदेखत झालेल्या मोजणीवर मिळते.