आज्ञापत्रातील निर्णयविवेक

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ (सुमारे इ. स. १७१५) बहुधा राजनीतीच्या नियमांचा संग्रह म्हणून वाचले जाते. अशा वाचनात त्याचा खरा गुण नजरेआड होतो. येथे नियम सहसा एकटा येत नाही. त्याचे कारण, परिणाम आणि प्रसंगी अपवादही त्यासोबत येतात.

आरमाराचे प्रकरण पाहावे. जहाजांस लाकूड हवेच. तथापि रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये, असे ग्रंथकार बजावतो. झाड वाढण्यास लागणारा काळ आणि ते गमावल्याने रयतेस होणारे दुःख ही दोन्ही तो गरजेच्या तुलनेत तोलतो. झाड जीर्ण झाले असेल, तर मात्र धन्यास राजी करून व मोल देऊन ते तोडावे, ही मुभाही ठेवतो. वतनदारांविषयीही हीच रीत दिसते: त्यांच्यापासून राज्यास असणारा धोका तो जाणतो, परंतु सरसकट वतने काढण्याचा सोपा मार्ग पत्करीत नाही.

टोपीकरांच्या प्रकरणात या विवेकाची मर्यादा प्रकट होते. व्यापाऱ्यामागे उभा असलेला राजा ग्रंथकारास स्पष्ट दिसतो. म्हणून वखारीस जागा समुद्रापासून दूर द्यावी, असे तो सुचवितो. परंतु ज्या तोफा, दारूगोळा व आरमार यांत टोपीकरांचे बळ आहे, ती विद्या आपलीशी कशी करावी, याचा विचार विस्ताराने येत नाही. निदान अचूक, उपाय मात्र केवळ प्रतिबंधक! धोका ओळखणे आणि त्यास पुरेल असे सामर्थ्य उभारणे या दोन भिन्न बौद्धिक कृती होत, हा भेद या ग्रंथाच्या अभ्यासकाने विसरू नये.