मानेतील सुप्त प्रसार : एका निष्कर्षाच्या मर्यादा

मुखाच्या कर्करोगात मान चाचपून गाठ हाताला लागली नाही, एवढ्यावरून रोग तेथे पोचलेला नाही असे अनुमान काढता येत नाही. लसिकाग्रंथीतील एक-दोन मिलिमीटरांचा रोगांश बोटांनाच काय, सीटी, एमआरआय किंवा पेट तपासणीलाही बहुधा सापडत नाही. अशा वेळी ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ प्रकट होईपर्यंत थांबावे, हा वाद दीर्घकाळ चालला.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या वादाला निर्णायक वळण दिले. प्रारंभिक अवस्थेतील रोग्यांचे यदृच्छेने दोन गट करण्यात आले. तीन वर्षांअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८०.० टक्के, तर थांबलेल्या गटात ६७.५ टक्के आढळले.

या निष्कर्षाचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्याचा अर्थ त्याच्या आधारापलीकडे ताणणे योग्य नव्हे. थांबणे घातक ठरते, हे येथे सिद्ध झाले. सुप्त प्रसार ओळखण्याची निकड संपली, हे नव्हे. आधीच शस्त्रक्रिया झालेल्या २४३ रोग्यांपैकी ७२ जणांच्याच ग्रंथींत रोग आढळला. म्हणजे सुमारे सत्तर टक्के रोग्यांनी रोगमुक्त ग्रंथी गमावल्या आणि खांद्याच्या दुर्बलतेसारख्या उपद्रवांची जोखीम पत्करली. कोणाची मान उघडावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर प्रहरी ग्रंथीच्या परीक्षेत शोधले जात आहे. अर्बुदाभोवती किरणोत्सारी द्रव्य टोचून, ते प्रथम ज्या ग्रंथीत पोचते तीच काढून तपासावयाची, ही तिची रीत. २०२० व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुक्रमे फ्रान्स व जपानमधील तुलनात्मक अभ्यासांत, या मार्गाने गेलेल्या रोग्यांचे हित सरसकट ग्रंथी काढण्याच्या तुलनेत उणे ठरले नाही. तथापि जिभेखालील अर्बुदात टोचलेल्या द्रव्याचीच प्रभा लगतची ग्रंथी झाकून टाकते. शिवाय ग्रंथीचे अनेक सूक्ष्म छेद पाहू शकणारी प्रयोगशाळाही हवी. जेथे ही साधने नाहीत, तेथे मुंबईचा निर्णयच प्रमाण मानला पाहिजे.

मात्र तो घशाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावणे सदोष होय. स्वरतंतूंत लसिकावाहिन्या विरळ असल्याने तेथील प्रारंभिक रोग मानेत क्वचितच उतरतो. त्यांच्या वरच्या भागात मात्र सुप्त प्रसार वारंवार आढळतो. अवयव बदलला की संभाव्यता बदलते, आणि संभाव्यता बदलली की निर्णयही नव्याने तपासावा लागतो.