उलटा पेला

ओसाकाजवळच्या इकेदा गावात झटपट नूडल्सचं संग्रहालय आहे. १९९९ साली उघडलेलं, प्रवेश फुकट. तिथली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे एक खोपटं. झटपट नूडल्सचे जनक मोमोफुकु आंदो यांनी घरामागे बांधलेल्या खोपटाची ही हुबेहूब प्रतिकृती. आत कढई, भांडीकुंडी, नूडल्सचं जुनं यंत्र. ते ज्या पतसंस्थेचे अध्यक्ष होते ती १९५७ मध्ये बुडाली, राहतं घर तेवढं उरलं. मग वर्षभर ते त्या खोपटात राबले आणि २५ ऑगस्ट १९५८ ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. तेव्हा त्यांचं वय ४८.

त्यांच्या कंपनीच्या भरभराटीचे आकडे भिंतभर मिरवता आले असते. मांडणी करणाऱ्याने कढई पुढे ठेवली, ही त्याची खरी समज.

मी रावेरचा, त्यामुळे ती कढई मला परकी वाटलीच नाही. बायको मासाको तेंपुरा तळत असताना आंदोंना वाट सापडली, असं तिथे सांगतात. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन निघतं, मागे बारीक भोकं राहतात. पुढे उकळतं पाणी त्याच भोकांतून आत शिरतं. आमच्याकडे कच्च्या केळीच्या चकत्या तेलात पडल्या की कढई खळखळते. आवाज बसला की वेफर झाला. तो बसलेला आवाज म्हणजे संपलेलं पाणी. कुरडईची तऱ्हा तीच, फक्त सबुरीची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवून गरम गरम सोऱ्यातून पाडायचा. उरलेलं पाणी मे महिन्याचं ऊन काढतं. आंदोंना रावेरचं ऊन मिळालं असतं तर तेलाचा खर्च वाचला असता!

हाताने करून बघायच्या विभागात कोरा पेला मिळतो. मी त्यावर मार्करने ‘रावेर’ लिहिलं. मग नूडल्सची वडी खाली, पेला तिच्यावर पालथा, आणि हॅण्डल फिरवलं की दोन्ही मिळून सुलटे होतात. गंमत वाटते, पण १९७१ च्या ‘कप नूडल’चं मर्म इथेच आहे. वडी पेल्याच्या तळापेक्षा रुंद असते. वरून टाकली तर तिरकी बसते. आंदो एका रात्री अंथरुणावर पडले असताना त्यांना छत नि जमीन उलटी झाल्यासारखी वाटली, आणि उत्तर मिळालं: वडी पेल्यात घालू नका, पेला वडीवर घाला. वडी मधोमध अडकून राहते, प्रवासात चुरत नाही, आणि खालच्या पोकळीत गरम पाणी खेळतं. हे सगळं कुठल्याही फलकाशिवाय, नुसतं हॅण्डल फिरवून मनगटाला कळतं. त्यापुढे ४ सूप आणि १२ जिन्नसांतून निवड करायची, ५,४६० प्रकार होतात म्हणे. तो भाग मला जत्रेतल्या दुकानासारखा वाटला.

एक उणीव मात्र खुपली. वाट दाखवली मासाकोंच्या कढईने, पण संग्रहालयाच्या जपानी नावात आंदो मोमोफुकु एकटेच आहेत. रावेरच्या घरी ज्या पितळी डब्यात आजीच्या कुरडया वर्षभर राहायच्या, तो अजून आहे. त्यावर नाव आजोबांचं घातलेलं आहे.