मोजदाद फक्त कोर्टात आलेल्यांची

न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांवर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: देशात इतके कोटी खटले पडून आहेत, म्हणून न्यायाधीश वाढवा. आकडा नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवरून उचललेला, आणि खाली उपाययोजना. तुमच्यापैकी कुणी असं लिहिणार असेल, तर आधी विधी आयोगाचा 2014चा 245वा अहवाल वाचा. न्या. अजित प्रकाश शहा तेव्हा अध्यक्ष होते. अहवाल चांगला आहे, आणि तरी त्याची पद्धत मला पटत नाही. दोन्ही का, ते सांगते.

1987च्या 120व्या अहवालात आयोगाने म्हटलं होतं की दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास करा. पन्नासच का, तर आधार मुख्यतः इतर देशांशी केलेल्या तुलनेचा. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पन्नासचाच आदेश दिला. 245व्या अहवालाने हे प्रमाण बाजूला ठेवलं. कारण बरोबर होतं: दरडोई खटले राज्याराज्यांत फार वेगवेगळे असतात, मग लोकसंख्येवरून कोर्टाची गरज कशी ठरवणार? शिवाय प्रलंबित खटले, विलंब, थकबाकी आणि अनुशेष हे शब्द वेगळे करून दाखवले. काल दाखल झालेला दावाही ‘प्रलंबित’च असतो की! काही उच्च न्यायालयं मधले अर्ज स्वतंत्र खटले म्हणून मोजतात, काही मोजत नाहीत, हेही तिथे नोंदवलंय. आकडेवारीचं प्रकरण लिहिण्याआधी तेवढा भाग तरी वाचाच.

आता पद्धत. एक कल्पित जिल्हा घ्या. दहा न्यायाधीश वर्षाला 5,000 खटले निकाली काढतात, म्हणजे प्रत्येकी 500. नवे येतात 6,000. तर बारा न्यायाधीश हवेत, दोन कमी पडतात. जुना अनुशेष संपवायला किती लागतील, त्याचा हिशोब असाच वेगळा. सरळ, सोपं, कुणालाही तपासता येईल असं.

पण याच जिल्ह्यात लोक तारखांना कंटाळले आणि पुढच्या काही वर्षांत नवे खटले 4,500वर आले, असं धरा. सूत्र काय म्हणेल? नव्या खटल्यांपुरते नऊ न्यायाधीश बास, एक जास्तच आहे. म्हणजे कोर्ट जितकं नकोसं, तितकी त्याची गरज कमी!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. या पद्धतीत तो शहाणा माणूस कुठेच नाही. बांधावरचा वाद गिळून बसलेला शेतकरी, पोटगीसाठी अर्जच न केलेली बाई, पगार बुडूनही गप्प राहिलेला कामगार, यांची बेरीज शून्य. थिओडोर आयझेनबर्ग, सीतल कलंत्री आणि निक रॉबिन्सन यांच्या 2013च्या लेखात असं दिसतं की भारतात ज्या राज्यांचा मानव विकास जास्त, तिथे दिवाणी दावेही जास्त. दावे कमी म्हणजे तंटे कमी, असं धरून चालणं किती धोक्याचं, ते यावरून कळेल. जुनं प्रमाण ओबडधोबड होतं खरं, पण त्यात न आलेला माणूसही निदान मोजला जात होता.

आयोगाला हे ठाऊकच नव्हतं असं नाही. व्यवस्था सुधारली तर आज बाहेर राहणारे लोक येतील, हे अहवालात आहे. पण ते इशाऱ्यापुरतं. सूत्रात त्याला जागा नाही.

दुसरा आक्षेप पुढे न्यायव्यवस्थेतूनच आला. सरासरीत चेक न वटल्याचा खटलाही एक आणि खुनाचाही एकच. म्हणून 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याच्या प्रकारानुसार वजन देणारी पद्धत पुढे आणली. हे बरं झालं. तरी वजन न्यायाधीशाच्या वेळेचं, वाट पाहणाऱ्याच्या नव्हे. 2022च्या अखेरीस तुरुंगातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. आरोपी आत असलेला खटला आणि जामिनावर बाहेर असलेला खटला सारख्याच वजनाचा धरायचा का, हा प्रश्न कुणीतरी पीएचडीला घ्यावा. (घेतलात तर कळवा.)

आणि न आलेल्यांचा शोध घ्यायचा असेल तर? महाराष्ट्रात एक जागा आहे. 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावातले तंटे समितीपुढे मिटवले जात होते. तिथली नोंद म्हणजे कोर्टाबाहेरच्या वादांचा कागद, आपल्याला हवा तोच. फक्त एक ध्यानात ठेवा: तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षीस होतं. त्यामुळे नोंदवहीत ‘समझोता’ दिसला की तिथेच थांबू नका. दोन्ही पक्षकारांना वेगवेगळं भेटा, आणि जो कमी बोलेल त्याच्याकडे पुन्हा जा.