रॅलेची तुला आणि तिचे श्रेय

आर्गॉनच्या शोधाची कथा सांगताना आमची पाठ्यपुस्तके लॉर्ड रॅलेच्या तुलेचे कौतुक करतात. एकाच काचगोलात हवेतून मिळविलेला नायट्रोजन २.३१० ग्रॅम भरला, संयुगांपासून मिळविलेला २.२९९, या अकरा मिलिग्रॅमांतून १८९४ साली नवे मूलद्रव्य हाती आले. परंतु त्या काळची कोणतीही चांगली तुला मिलिग्रॅमाच्या दशांशापर्यंतचा फरक दाखवीत असे. खरी अडचण हवेची होती. सुमारे १.८ लिटरच्या त्या गोलावरील हवेचे उत्प्लावन जवळजवळ २.२ ग्रॅम, म्हणजे आतल्या वायूच्या वजनाएवढेच! रिकामा व भरलेला गोल तोलण्याच्या दरम्यान वायुभारमापकातील पारा चार मिलिमीटर हलला, तरी सारा फरक बुडून जावा. म्हणून दुसऱ्या बाजूस समान आकारमानाचा बंद गोल टांगलेला असे. ही युक्ती रेन्योची. मात्र निर्वात गोल किंचित आक्रसतो व कमी हवा बाजूस सारतो, हे रेन्योच्या नजरेतून सुटले होते. ती दुरुस्ती रॅलेने १८८८ मध्येच केली. पाठ्यपुस्तके हा भाग गाळतात, आणि आमचे विद्यार्थी ग्रॅमच्या दशांशाची चौथी जागा नेमाने लिहितात. प्रयोगवहीत त्या दिवशीचा वायुभार मात्र क्वचितच आढळतो.