‘पिक्विकियन’ : एका रोगनामाची चिकित्सा

अतिस्थूलता, मंद श्वसन आणि दिवसा येणारी अनावर झोप ह्या लक्षणसमूहास अमेरिकेतील बर्वेल प्रभृती वैद्यांनी १९५६ साली ‘पिक्विकियन’ हे नाव दिले. त्यांचा रुग्ण पत्ते खेळताना, हाती उत्तम पाने असूनही, झोपी गेला होता. नाव आले ते डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’ (१८३६-३७) ह्या कादंबरीवरून. परंतु तीत झोपाळू आहे तो पिक्विक नव्हे. वॉर्डलच्या घरचा लठ्ठ पोरगेला चाकर ज्यो. एवढी शिथिलता परिभाषेत क्षम्य मानता येईल.

त्या नावाने केलेली दिशाभूल मात्र अधिक गंभीर होय. त्यामुळे डोळ्यांपुढे राहिली ती दिवसा पेंगणारी एक विनोदी, स्थूल आकृती. रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड हेच पेंगेचे कारण मानले गेले आणि रात्रीची निद्रा तपासावयाची राहिली. वस्तुतः ज्यो मेजाशी तिष्ठत असतानाही घोरतो, हे डिकन्सने नोंदवून ठेवले होते! १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत युंग व कूलो, ह्यांनी अशा रुग्णांच्या निद्रेचे आलेखन केले. तेव्हा झोपेत श्वास वारंवार अडतो व त्यासरशी झोपही मोडते, असे दिसून आले. बर्वेलवर्णित अल्पश्वसन आज निराळे गणले जाते. तथापि त्या वर्गातील बहुतेक रुग्णांत हा श्वासरोधही असतोच. पुढे तो कृश व्यक्तींतही आढळला, उच्च रक्तदाबाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला. ‘निद्राश्वासरोध’ ही संज्ञा रुक्ष खरी, पण विकृती केव्हा व कशात घडते ते ती सांगते. घोरणारा कृश रुग्ण ‘पिक्विकियन’ ह्या शब्दात मावलाच नसता.